पाहुणा ठरला, पण तारीख कुठाय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजच्या गॅदरिंगबद्दल नुसत्या दोन ओळी लिहिल्या होत्या, तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडून प्रश्न आलेत. त्यामुळं यावेळचा कॉलम सगळा त्यालाच. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीत, राग मानू नका.

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्या कॉलेजचं मराठी वाङ्मय मंडळ आणि जिमखाना मिळून दोन दिवसांचा इंटरकॉलेज फेस्टिवल करणार आहोत. एकांकिका, लोकनृत्य, फूड स्टॉल आणि दुसऱ्या दिवशी रात्री ग्राउंडवर पुण्याच्या एका गायकाचा लाईव्ह शो. तीन हजार पब्लिक येईल असा अंदाज आहे. गायकाच्या मॅनेजरशी फोन झालाय, त्यांना डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा चालतोय. प्रिन्सिपॉल सर "करा की" म्हणालेत. आता पुढं कुठनं सुरुवात करायची?
*सेक्रेटरी, टिळकवाडी*

उत्तर : सुरुवात मागनं झालीय तुमची, पण अजून अॅडव्हान्स दिलेला दिसत नाही, म्हणजे काही बिघडलेलं नाही. बहुतेक मंडळं असंच करतात, आधी पाहुणा ठरवायचा, मग त्याला सोयीची तारीख घ्यायची, मग परवानगीसाठी पळापळ, आणि गेटवर कोण उभं राहणार हे आदल्या रात्री. मी उलटं सांगतो. आधी तारीख, मग परवानगी आणि गेट, आणि हे सगळं कागदावर आलं की मग गायक.

डिसेंबर का नको ते बेळगावच्या माणसाला सांगायला लागू नये खरं तर. २०१२ ला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध सुरू झालं, आणि बहुतेक वर्षी डिसेंबरात तिथं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यातनं पोलीस बंदोबस्ताला येतात, लॉज फुल, हायवेकडं रोज कुणाचं तरी आंदोलन, आणि आपल्या मराठी माणसांचे कार्यक्रम म्हटलं की त्या आठवड्यात पोलीस जरा जास्तच निरखून बघतात. अशा वेळी तीन हजार लोकांच्या रात्रीच्या शोला परवानगी मागायला गेलात तर साहेब तुमच्याकडं बघून हसतील नुसते. वर मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा असते, तेव्हा वायव्य कर्नाटकच्या बसगाड्या तिकडं वळवलेल्या असतात आणि तुमची खानापूर, बैलहोंगलकडची पोरं स्टँडवर ताटकळतात.

मग कधी? जून ते सप्टेंबर पाऊस, ओपन ग्राउंडचं नावच काढू नका. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि दिवाळी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आजूबाजूला तर आपल्या भागात काहीच ठरवायचं नसतं. मार्चला पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) परीक्षा, तेव्हा आवाज कुणीच खपवून घेत नाही. राहिला जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्यातही १७ जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन आणि २६ जानेवारी सोडा, माघ पौर्णिमेला परत यल्लम्मा आहे, ती तारीख कॅलेंडरात बघून घ्या. आणखी एक गोष्ट पोरं विसरतात, तुमचं कॉलेज राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचं असेल आणि बोलावणार असाल व्हीटीयूच्या इंजिनिअरिंगवाल्यांना, तर दोन्हीचं परीक्षेचं वेळापत्रक वेगळं असतंय. दोन्ही समोर ठेवून ज्या आठवड्यात कुणाचीच इंटर्नल नाही तो शोधा. अशा दोन तारखा काढा, एकच नको, आणि त्या दोन तारखा घेऊन मॅनेजरला परत फोन करा. जमत नसेल तर दुसरा गायक. गायक मिळतात ओ, तारीख मिळत नाही.

आता ते "करा की". प्रिन्सिपॉल सरांचं तोंडी "करा की" म्हणजे सर चांगल्या मूडमध्ये होते एवढाच त्याचा अर्थ. ग्राउंड कुणाचं, संस्थेच्या बोर्डाचं ना? मग बोर्डाची लेखी मंजुरी लागेल, आणि त्यात तारीख, वेळ, बाहेरचे लोक येणार, तिकीट असणार, स्टॉल असणार हे सगळं स्पष्ट पाहिजे. ते पत्र हातात आल्यावर तुमच्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला अर्ज, तोही कन्नडमध्ये लिहून न्या, कुणीतरी मित्र लिहून देईल, काम लवकर होतंय हा साधा व्यवहार आहे. अर्जात लोकांचा आकडा खरा घाला. तीन हजार येणार असताना आठशे लिहिलं की परवानगी सोपी मिळते असं सिनिअर सांगतील, ते ऐकू नका. आठशे लिहिलं तर बंदोबस्त आठशेचा मिळणार, आणि काही झालं की तो कागद तुमच्याच विरोधात जाणार. ४ जून २०२५ ला बेंगळूरच्या चिन्नस्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, त्यानंतर आपल्या राज्यात गर्दीच्या कार्यक्रमाला पोलीस बारीक बारीक विचारतात आणि ते बरोबरच आहे.

वेळेचं पण सांगून टाकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला, तुमच्या फेस्टिवलला नव्हे. म्हणजे शो ७ ला सुरू व्हायलाच पाहिजे, आणि ७ ला सुरू करायचा तर साउंड चेक दुपारी ४ च्या आत संपलेला पाहिजे, आणि तेव्हा आत हॉलमध्ये एकांकिका चालू असेल तर ढोल वाजला की नटाचा डायलॉग गेला. दोन्हीच्या वेळा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. आणि शंभर मीटरच्या आत दवाखाना, कोर्ट किंवा दुसरी शाळा असेल तर तो सायलेन्स झोन जाहीर झालेला असू शकतो, तिथं ओपन शोपेक्षा हॉल बघा. कुमार गंधर्व रंगमंदिर, लोकमान्य रंगमंदिर, मराठा मंदिर, आपल्या गावात हॉल आहेत, तीन हजार मावणार नाहीत हे खरं, पण तीन हजार पाहिजेतच असं कुणी सांगितलंय?

प्रश्न : आमच्या ग्राउंडला एकच मोठं गेट आहे. क्यूआर पास स्कॅन करून सोडायचं ठरवलंय. पुरेल का?
*व्हॉलंटिअर हेड, उद्यमबाग*

उत्तर : हिशोब करून बघू. पोरगा मोबाईल काढतो, ब्राइटनेस वाढवतो, मित्राचा पास पण त्याच्याच मोबाईलमध्ये, आणि त्यात नेट गेलं. सगळं सुरळीत झालं तरी एका माणसाला ६ सेकंद धरा. म्हणजे एका लाईनीतनं मिनिटाला १०, तासाला ६००. तीन हजार लोक एका तासात आत घ्यायचे तर पाच लाईनी लागतात. आणि पब्लिक काय तासभर आधी सारखं सारखं येत नसतंय, साडेसहापर्यंत सगळे बाहेर चहाच्या गाड्यावर आणि पावणेसातला एकदम. तेव्हा स्कॅनिंगचं काम गेटवर ठेवूच नका. आदल्या दोन दिवसांत कॉलेजकॉलेजात जाऊन पास बघून हातात कागदी बँड बांधा, गेटवर फक्त मनगट बघायचं. बाहेरनं आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी वेगळी लाईन, वेगळ्या बाजूला.

आणि एकच गेट आहे म्हणता ते मला जास्त खटकतंय. मागच्या कंपाउंडला छोटा दरवाजा असेलच, शिपायाला विचारा, चावी त्याच्याकडंच असते. तो उघडा ठेवून तिथं माणूस उभा करायचा, कुलूप लावून चावी खिशात असं नव्हे. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या सायन्स अँड टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीत टेक फेस्टच्या संध्याकाळी काय झालं ते तुमच्या कमिटीतल्या प्रत्येकानं वाचावं. ओपन ऑडिटोरियम, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, शो सुरू व्हायचा होता, अचानक पाऊस आला, बाहेर थांबलेले सगळे आसऱ्यासाठी एकदम आत घुसले आणि पायऱ्यांवर पडले. चार जण गेले. तिथं मारामारी झाली नव्हती की आग लागली नव्हती, नुसता पाऊस आणि अरुंद वाट. बेळगावात अवकाळी पाऊस कधी येईल याचा नेम आहे का सांगा. त्यामुळं पाऊस आला तर कोण माईकवर काय बोलणार, कुठले दरवाजे उघडणार, लोकांना कुठल्या बिल्डिंगच्या व्हरांड्यात न्यायचं, हे आधी ठरलेलं पाहिजे आणि साउंडवाल्यालाही माहीत पाहिजे, कारण पहिला आवाज तोच बंद करणार.

ग्राउंड किती मोठं आहे ते डोळ्यानं ठरवू नका, टेप घेऊन मोजा. उभ्या पब्लिकला चौरस मीटरला दोन माणसं धरली तर लोक आरामात नाचतात, हलतात. सहा सात झाली की माणूस स्वतःच्या पायावर उभा नसतो, गर्दी नेईल तिकडं जातो. ३० बाय ४० मीटर जागा असेल तर १२०० चौरस मीटर, त्यातनं स्टेज, साउंडचं टेबल, स्टॉल, ॲम्ब्युलन्सची वाट वजा करा, हजारभर राहील, म्हणजे दोन हजार लोक. पास तेवढेच छापा. मित्रांना वाटायला म्हणून वरचे पाचशे छापायचे नाहीत. ॲम्ब्युलन्सच्या वाटेवर प्रमुख पाहुण्यांची गाडी लावायची नाही, हे पण लिहून ठेवा, शंभर टक्के लावतात.

प्रश्न : स्पॉन्सर "देऊ देऊ" म्हणतात पण हातात काही येत नाही. खर्च तर सुरू झालाय. ट्रेझरर म्हणून झोप उडालीय.
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव*

उत्तर : खात्यात पडला तोच स्पॉन्सर. बाकी सगळे शुभेच्छुक. दोन बजेटं करा, एक हातातल्या पैशात होणारं, दुसरं स्पॉन्सर आले तर वाढवायचं, आणि पहिल्या बजेटात फेस्टिवल पूर्ण झाला पाहिजे, अर्धा नव्हे. दुसऱ्यात एलईडी वॉल, मोठे लाईट असलं शोभेचं ठेवा. गेट, जनरेटर, पाणी, टॉयलेट, फर्स्ट एड हे पहिल्यातच.

मागायचं कसं तेही शिकायला पाहिजे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याला तुम्ही "सर आमचा फेस्ट आहे, एक लाख द्या" म्हणून पीडीएफ पाठवता, तो बघत पण नाही. त्याला इंजिनिअरिंगची पोरं कामाला पाहिजे असतात, त्याच्या कंपनीच्या नावानं एक टेक्निकल स्पर्धा ठेवा आणि बक्षीस देऊन जा म्हणा. गणपत गल्ली, खडे बाजारच्या दुकानदाराकडं रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा, कापडी पिशव्या, पाणी, बक्षिसं, मिठाईवाल्याकडं पाहुण्यांसाठी कुंदा. वस्तू पटकन मिळते.

पैसे मात्र तुझ्या स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नकोस, कितीही सोपं वाटलं तरी. कॉलेजच्या खात्यात, पावती, आणि खर्चाला दोघांची सही. गायकाच्या मानधनावर टीडीएस कापायला लागतोय, ते कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला आधी सांगून ठेव, नाहीतर शोच्या दिवशी मॅनेजर पूर्ण रक्कम मागतो आणि क्लार्क कापलेली देतो आणि स्टेजमागं भांडण. करारात पाऊस किंवा बंदमुळं शो रद्द झाला तर अॅडव्हान्सचं काय, हे वाक्य पाहिजेच, आपल्या भागात बंद काही सांगून येत नाही. जनरेटर भाड्याचा ठरवताना डिझेल कुणाचं ते विचार. साउंडला आणि लाईटला वेगवेगळा जनरेटर घे, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनीवर पूर्ण शो टाकायचा विचार पण नको.

प्रश्न : आमच्याकडं मराठी पोरं जास्त आहेत पण कन्नड मुलंपण बरीच आहेत, मैत्री चांगली आहे. बॅनर आणि निवेदन कुठल्या भाषेत करावं यावरून कमिटीतच दोन गट झालेत.
*एक विद्यार्थी, खानापूर*

उत्तर : मैत्री चांगली आहे ना, मग निवेदक दोन घ्या, एक मराठीत बोलणारा, एक कन्नडमध्ये, आणि एकमेकांचं भाषांतर करत बसायचं नाही, त्यानं कार्यक्रम दुप्पट लांबतो. एकानं एकांकिकेची ओळख करायची, दुसऱ्यानं पुढच्या डान्सची. पब्लिकला दोन्ही कळतंय की, बाजारात रोज दोन्हीच बोलतो आपण.

बॅनरचं जरा सांभाळून. २०२४ च्या दुरुस्तीनं व्यवसाय आणि संस्थांच्या नामफलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालंय. तुमच्या दोन दिवसांच्या कापडी बॅनरला तो नियम कितपत लागतो यावर वाद घालता येईल, पण वाद घालायची जागा रस्त्यावरचं बॅनर नव्हे, कारण तो फाडला गेला की फेस्टिवल बाजूला राहतो आणि व्हिडिओ फिरतो. रस्त्याकडच्या बॅनरवर कन्नड ठळक आणि बरोबर मराठी, आतल्या स्टेजवर तुम्हाला पाहिजे तशी सजावट. मराठी कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. मराठी जिथं खरी दिसते ती एकांकिकेत, निबंधात, भारुडात, तिथं जोर लावा, तिथं कुणी अडवत नाही. आणि बॅनर कापडीच, फ्लेक्स नको, २०१६ पासून कर्नाटकात प्लास्टिक फ्लेक्स, पताका, प्लास्टिकचे कप, थर्माकोल सगळ्यावर बंदी आहे, स्टॉलवाल्यांनाही आधी सांगा.

अजून एक, पब्लिकमधल्या कुणाच्याही हातात माईक द्यायचा नाही. जोशात एक घोषणा होते, मग दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि सकाळी प्रिन्सिपॉलना स्टेशनला जायला लागतं.

प्रश्न : माझी मुलगी बेळगावला शिकते, रोज चंदगडकडनं जाऊन येऊन करते. फेस्टिवलची व्हॉलंटिअर आहे, रात्री दहापर्यंत थांबणार म्हणते. पाठवावं का?
*एक आई, चंदगड तालुका*

उत्तर : ताई, पाठवा, पण रात्री परत आणायची सोय कोण करणार हे तिला नाही, कॉलेजला विचारा. शो दहाला संपतो, व्हॉलंटिअर सुटायला अकरा वाजतात, तेव्हा शिनोळीकडं जायला ना बस ना वडापची जीप. एकतर तिची ड्युटी सकाळची मागून घ्या, नाहीतर बेळगावातल्या मैत्रिणीकडं किंवा लेडीज हॉस्टेलमध्ये राहण्याची परवानगी लेखी घ्यायला सांगा. जबाबदार मॅडमचा नंबर तुमच्याकडं पाहिजे. सीमेवर काही झालं की दोन्हीकडच्या एसट्या बंद होतात हे तुम्हाला माहीतच आहे, डिसेंबर २०२२ ला झाल्या, फेब्रुवारी २०२५ ला झाल्या.

हे वाचणाऱ्या कमिटीवाल्यांनो, कर्नाटकातल्या मुलींना जून २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे, चंदगडच्या मुलींना ती सवलत नाही. त्यांच्या भाड्याचं फेस्टिवलच्या बजेटातनं बघा की जरा, राबतात त्या तुमच्यासाठीच.

प्रश्न : डीजेवर सिनेमातली गाणी लावायला लायसन लागतं म्हणतात, खरं काय? कॉलेजचाच कार्यक्रम आहे.
*डान्स ग्रुप, निपाणी*

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, शिक्षणसंस्थांना सूट आहे, पण ती समोर विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकच असतील तेव्हाची. तुमच्या घरच्या गॅदरिंगला अडचण नाही. तिकीट लावून गावाला बोलावलं की ते कॉलेजचं गॅदरिंग राहत नाही. मग रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आणि गीतसंगीतासाठी आयपीआरएस, या लायसन देणाऱ्या दोन्ही संस्थांकडं चौकशी करायला लागते. एकांकिकेला लेखकाची परवानगी वेगळी, ती बसवायच्या आधी घ्या, पोस्टर छापल्यावर नव्हे.

प्रश्न : कोअर कमिटीत २२ जण आहेत, काम चौघंच करतात. काय करू?
*प्रेसिडेंट, बेळगाव*

उत्तर : त्या चौघांचीच कमिटी कर. बाकी अठरांना एकेक ठरलेलं काम दे, ज्याला जागा आणि वेळ आहे, "हॉस्पिटॅलिटी बघ" असलं मोघम नको, "दुपारी २ ते ५ पाण्याचे कॅन, मागचा दरवाजा" असं. आणि त्यांना वेळेवर जेवायला घाला. गिरमिट आणि चहावर दोन दिवस कुणी उभं राहत नाही. गेटवरच्या पोरांना जेवण गेटवरच पोचवायचं, नाहीतर सगळे एकदम जेवायला जातात आणि नेमकं तेव्हाच पब्लिक येतं.

प्रश्न : उद्घाटनाला आमदारांना बोलवावं का?
*तोच सेक्रेटरी, टिळकवाडी*

उत्तर : बोलवा, पण सकाळच्या उद्घाटनाला, रात्रीच्या शोला नको. एकाला बोलावलं की दुसऱ्या पक्षाचे रुसणार हे धरून चाला, पत्रिकेवर नावांचा क्रम संस्थेच्या चेअरमनकडनंच ठरवून घ्या, म्हणजे फोन त्यांना येतील, तुम्हाला नाही. नाडगीत (कर्नाटकचं राज्यगीत), दीपप्रज्वलन, सत्कार धरून अर्धा तास. शाली आणि हार कमी करा, पुष्पगुच्छ एकच. साहेब उशिरा येणारच, तेव्हा एकांकिकेची पहिली टीम मेकअप करून तयार ठेवा, पंधरा मिनिटं वाट बघा आणि पडदा वर करा.